श्वासाची आणेवारी

ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांना आणेवारी हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक; त्या मानानें यंदा गांवांत किती आणे पीक हाताशीं येईल, याचा सरकारी अंमलदारांनीं आधीं नजरेनें व मग कापणीच्या प्रयोगांनीं बांधलेला अंदाज म्हणजे आणेवारी. आणे गेले, पैसे आले, आणि कागदावर आतां पैसेवारी असें लिहितात. पन्नास पैशांच्या खालीं गांव गेलें कीं त्याची टंचाईंत गणना होते. परंतु आमच्या बावड्याच्या पारावर अजून आणेवारीच चालते, आणि तिच्यावरचें भांडणहि पिढ्यान् पिढ्या तेंच चालत आलें आहे. गांवाची आणेवारी बारा आणे निघावी आणि ज्याच्या रानांत दाणा नाहीं त्यानें कपाळाला हात लावावा. गांव चार आण्यांवर यावें आणि नीरेच्या कांठच्या एखाद्या मळ्यांत ऊंस मात्र डोक्यावर जावा. हें नेहमींचेंच आहे. अंदाज खोटा नसतो. तो सगळ्यांचा असतो, आणि म्हणूनच कोणा एकाचा नसतो.

श्वासाचीहि अशीच आणेवारी काढतात, हें आम्हांस 2023 सालापर्यंत ठाऊक नव्हतें.

आमचे थोरले बंधू आप्पा जन्मभर बावड्यास राहिले. आम्ही नोकरीच्या निमित्तानें पुण्यास आलों आणि पुण्याचेच झालों. आप्पांनीं मात्र नदीकांठचें रान आणि तुकोबांची वारी यांपैकीं एकहि सोडलें नाहीं. तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम हलवून सराटीकडे निघते तेव्हां वाटेंत बावड्यास विसावते. सराटीस नीरेंत पादुकांना स्नान घडतें, आणि पालखी पुणें जिल्हा सोडून अकलूजच्या वाटेस लागते. आप्पा दरवर्षीं तिच्याबरोबर पंढरपुरापर्यंत जात. पुढें ते अकलूजाहून परत फिरूं लागले, मग सराटीहून. 2023 सालीं पालखी दाराशीं आली तेव्हां ते वेशीपर्यंत गेले आणि तेथल्या झाडाखालीं बसले. आपल्या छातींत कांहीं बिघडलें आहे हें त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें. वारीनें तें दरसाल थोडें थोडें सांगितलें होतें, पण आम्हां कोणाच्या तें ध्यानांत आलें नाहीं.

पावसाळा संपतां संपतां खोकल्याबरोबर रक्त पडूं लागलें. तीस वर्षांपूर्वीं आप्पांना क्षय झाला होता. औषधांनीं तो बरा झाला, पण जातांना उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागांत एक पोकळी ठेवून गेला. अशा रिकाम्या जागेंत कधीं कधीं बुरशी बिऱ्हाड करते व तिचा गोळा बनतो. रक्त येत होतें तें त्यामुळें. पुण्यांतील एका रुग्णालयांत छातीच्या सर्जननीं चित्रें पाहून सांगितलें कीं, तो वरचा भाग काढून टाकणें हाच कायमचा उपाय. "छाती उघडावी लागेल," हे तीन शब्द ते रोजच उच्चारीत असतील; आमच्या पायांखालची जमीन मात्र त्यांनीं हलली.

सर्जनचें बोलणें संपलें आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचें सुरू झालें. बाईंनीं आप्पांना जिने चढावयास लावले. तिसऱ्या मजल्यावर आप्पा थांबले. न थांबतां 22 मीटर उंची चढून जाणाऱ्यास अशा शस्त्रक्रियेंत धोका कमी, ही सर्जन लोकांची एक घरगुती कसोटी आहे. ती उतरली नाहीं, म्हणून त्यांनीं त्यांना यंत्राच्या सायकलीवर बसविलें आणि शरीर प्राणवायू किती खपवितें तें मोजलें. दर किलो वजनास मिनिटाला 20 मिलिलीटरांच्या वर खप असेल तर सर्जन निर्धास्त असतात; 10 च्या खालीं असेल तर हात आखडता घेतात. आप्पा 15 च्या आसपास होते. मग नळींत जोरानें फुंकावयास सांगितलें. पहिल्या सेकंदांत 1.9 लिटर हवा बाहेर आली. उजव्या फुफ्फुसाचे दहा आणि डाव्याचे नऊ असे दोहोंचे मिळून एकोणीस भाग धरतात. त्यांतले तीन काढावयाचे, म्हणजे सोळा उरणार, आणि 1.9 चे 1.6 लिटर होणार. त्यांतहि जो भाग पूर्वींच निकामी आहे तो गेल्यानें नवें नुकसान होत नाहीं. इथपर्यंतचा हिशेब आम्हांस धीर देणारा होता.

त्यानंतर बाईंनीं एक कागद पुढें ओढला. त्यावर सात प्रश्न होते. वय 51 ते 80 असेल तर 3 गुण, त्यापुढें 16. रक्तांतील प्राणवायू शेंकडा 91 ते 95 असेल तर 8, त्याहून कमी असेल तर 24. गेल्या महिन्याभरांत छातीचा ताप-खोकला होऊन गेला असेल तर 17. हिमोग्लोबिन 10 किंवा त्याखालीं असेल तर 11. चीर पोटाच्या वरच्या भागावर असेल तर 15, छातीच्या आंत असेल तर 24. शस्त्रक्रिया दोन ते तीन तास चालणार असेल तर 16, तीन तासांवर गेली तर 23. आणि ती तातडीनें करावी लागली तर आणखी 8. आप्पांचें वय 68, म्हणून तीन. बोटास लावलेल्या चिमट्यानें दाखविलेला प्राणवायू 94, म्हणून आठ. पंधरवड्यापूर्वींच्या तापाचे सतरा. हिमोग्लोबिन 9.6, त्याचे अकरा. छातीचे चोवीस. अडीच तासांच्या अंदाजाचे सोळा. बेरीज 79 झाली. शाळेंत असतां आप्पांना एवढे गुण कोणत्याहि विषयांत मिळाले नव्हते.

हें कोष्टक स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतांतलें. तेथील 59 रुग्णालयांतल्या 2,464 रुग्णांची पाहणी करून तें तयार झालें आणि 2010 सालीं प्रसिद्ध झालें. त्या रुग्णांपैकीं 123 जणांना, म्हणजे शेंकडा पांचांना, शस्त्रक्रियेनंतर श्वासाची कोणती ना कोणती अडचण आली. कोणाच्या छातींत जंतूंचा संसर्ग झाला, कोणाचा श्वास अपुरा पडूं लागला, कोणाच्या फुफ्फुसाभोवतीं पाणी सांचलें, कोणाच्या फुफ्फुसाचा एखादा भाग मिटून बसला, कोणाच्या फुफ्फुसाबाहेर हवा शिरली, कोणाच्या श्वासनलिका आंवळल्या, तर कोणाच्या पोटांतलें श्वासनलिकेंत उतरलें. ज्यांना हें झालें आणि ज्यांना झालें नाहीं त्यांच्यांतला फरक शोधतां शोधतां अखेर सात गोष्टी हातीं लागल्या. विडी या सातांत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटलें. विडीनें केलेलें नुकसान प्राणवायूच्या आंकड्यांतून बोलतेंच, असें बाई म्हणाल्या. 26 गुणांखालच्या लोकांत अडचण आलेले शेंकडा 1.6 होते, 26 ते 44 गुणांच्या लोकांत 13.3; आणि 45 च्या पुढें 42.1. आप्पा कोठें बसतात हें विचारण्याची गरज उरली नव्हती.

छाती उघडली म्हणजे श्वास कां बिघडतो, हें आम्ही अडाण्यासारखें विचारलें आणि उत्तर फार साधें मिळालें. फुफ्फुसाला स्वतःचे स्नायू नाहींत. बरगड्या आणि पडदा यांनीं त्याला ओढावें तेव्हां तें फुगतें. शस्त्रक्रियेंत त्याच बरगड्यांमधून वाट काढावी लागते, आणि हात चालावा म्हणून एक फुफ्फुस तेवढा वेळ मिटून ठेवून दुसऱ्यावर रोग्याचा श्वास चालवावा लागतो. जाग आल्यावर प्रत्येक श्वासाबरोबर ती जखम हलते. मनुष्य मग नकळत आंखूड श्वास घेतो आणि खोकला दाबतो. न खोकलेला कफ नळ्यांत अडकतो, त्यापुढचा भाग मिटतो, मिटलेल्या भागांत जंतू वाढतात. दुखणें चुकविण्याकरितां केलेली काटकसरच घात करते.

हा सारा हिशेब झाला तेव्हां आप्पा दुसऱ्या खोलींत रक्त देत होते. कागद आमच्या हातांत होता. आम्ही त्याची घडी केली आणि खिशांत ठेवली.

वाचकहो, येथें आम्ही जें केलें तें आपणांपैकीं बहुतेकांनीं कधीं ना कधीं केलेलें असेल. आमच्या समाजांत रोग्याची प्रकृति ही रोग्याखेरीज सर्वांस ठाऊक असते. तो खचेल, अशी आपण समजूत करून घेतों. खरें पाहतां खचलेलों असतों ते आपण, आणि आपलें खचणें त्याला दिसूं नये म्हणून त्याचाच आंकडा त्याच्यापासून लपवितों. त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून आम्ही श्वासाच्या मोजदादीचा इतिहास वाचीत बसलों. फुफ्फुसांतली हवा मोजण्याचें यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सन नांवाच्या डॉक्टरानें नांवारूपास आणलें. 1846 सालीं त्यानें दोन हजारांहून अधिक माणसांचीं मापें प्रसिद्ध केलीं. खोल श्वास घेऊन माणूस जितकी हवा बाहेर टाकूं शकतो तिला त्यानें जीवनशक्तीचें माप ठरविलें, आणि तें आयुष्याच्या विमा कंपन्यांस उपयोगी पडेल अशी त्याची अपेक्षा होती. तें वाचून आम्ही पुस्तक मिटलें. आणेवारी निघाली ती सरकारास सारा किती सोडावा लागेल हें कळावें म्हणून. श्वासाचें माप निघालें तें कंपनीस पैसे लौकर भरावे लागतील कीं काय हें कळावें म्हणून. अंदाज नेहमीं देणाऱ्याच्या सोयीकरितां बांधलेला. ज्याचें पीक आणि ज्याचा श्वास, तो मात्र दाराबाहेर! आणि तें दार आज आम्हींच लावून घेतलें होतें.

सकाळीं चहा घेतांना आप्पांनीं सरळ विचारलें, "त्या कागदावर काय लिहिलंय?"

आम्ही म्हणालों, "विशेष कांहीं नाहीं, आप्पा. तुम्ही निश्चिंत असा."

"आरं, तलाठी बी असंच म्हणतो. किती आणे, ते सांग."

आम्हीं कागद काढला आणि सांगितलें. 79 चा अर्थ सांगितला, शंभरांत बेचाळीस हेंहि सांगितलें. आप्पा बराच वेळ बशींतल्या चहाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाकरितां हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

"ही आणेवारी गावाची, का माझ्या रानाची?"

"गांवाची, आप्पा."

"मग रानात काय करायचं, ते इचार डॉक्टरबाईला."

बाईंना आम्ही तसें विचारलें तेव्हां त्या हंसल्या आणि त्यांनीं कागदाचे दोन भाग केले. वय, छाती आणि वेळ यांचे मिळून 43 गुण कोणाच्याहि हातचे नव्हते. ताप, रक्त आणि प्राणवायू यांचे मिळून 36 होते, त्यांचें कांहीं करतां येण्याजोगें होतें. मराठींत छत्तीसाच्या आंकड्याला चांगलें नांव नाहीं. त्या दिवशीं मात्र त्या आंकड्याशीं आमचें सख्य झालें. बाईंनीं बजावलेंहि. "काका, हा वाण्याचा हिशेब नव्हे. छत्तीस गुण उतरले म्हणून धोका बरोबर तितकाच उतरेल असें मी म्हणत नाहीं. ताप जाऊन महिना लोटला आणि अंगांत रक्त भरलें, तर तुमचें शरीर ह्या कामाला अधिक तयार असेल, एवढेंच." शिवाय थांबण्यांतहि धोका होता. मध्येंच रक्त फार पडूं लागलें तर तातडीनें छाती उघडावी लागणार, आणि तेव्हां त्या आठ गुणांची भर पडणार. थांबावें कीं थांबूं नये हें कोष्टक सांगत नव्हतें. रक्त थोडें आहे असें पाहून सर्जननीं महिनाभर थांबण्यास संमति दिली, आणि आप्पांनीं तें कबूल केलें.

तो महिना आप्पांनीं एखादें पीक जपावें तसा जपला. शिरेंतून लोह दिलें गेलें. औषधें वेळेवर झालीं. रुग्णालयानें तीन खान्यांचें एक प्लॅस्टिकचें यंत्र दिलें होतें. नळीनें खोल श्वास ओढला कीं एकेक चेंडू वर उचलला जातो. आमच्या वहिनी समोर बसून मोजीत. पहिल्या आठवड्यांत दुसरा चेंडू अर्ध्यावर लटपटे. तिसऱ्या आठवड्यांत तिसराहि डोकें वर काढूं लागला. दिवाळींत घरापुढें फटाका वाजला नाहीं. गळिताचा हंगाम सुरू झाला होता. ऊंस तुटून गेलेल्या रानांत पाचट पेटवून देण्याची आमच्याकडे चाल आहे, आणि तो धूर दोन दोन दिवस गांवावर असतो. आप्पा स्वतः काठी टेकीत शेजाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "महिनाभर पाचट ठेव. मला श्वास साठवायचाय." शेजाऱ्यानें तें जाळलें नाहीं, सरींत कुजूं दिलें. त्याच दिवसांत सरकारनें चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि त्यांत आमचा इंदापूर तालुका होता. आप्पांच्या विहिरीला मात्र पाणी होतें. सकाळीं नदीकडे चालतांना ते तिच्यांत डोकावीत आणि म्हणत, "तालुका तालुक्याच्या जागी, हीर हिरीच्या जागी."

महिन्यानंतर हिमोग्लोबिन 11.2 झालें, प्राणवायू 96 वर आला आणि ताप जुना झाला. 79 चे 43 झाले. आप्पा पांचव्या मजल्यापर्यंत न थांबतां चढले.

आमची गोष्ट येथेंच संपली असती तर ती बालबोध पुस्तकांत शोभली असती. प्रत्यक्षांत फुफ्फुस जुन्या क्षयामुळें छातीच्या भिंतीला चिकटून बसलें होतें. तें सोडवितां सोडवितां अडीच तासांचे तीन तास चाळीस मिनिटें झालीं. म्हणजे आप्पा टेबलावर निजलेले असतां सोळाचे तेवीस झाले, 43 चे 50 झाले, आणि मधल्या रांगेंत बसलेले आमचे बंधू कोणासहि न विचारतां शेवटच्या रांगेंत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीं ताप आला, प्राणवायू 89 वर उतरला, आणि चित्रांत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग मिटलेला दिसला. आप्पा दुखतें म्हणून खोकत नव्हते. पाठींत बसविलेल्या बारीक नळींतून वेदना शमविणारें औषध वाढविलें. उशी छातीशीं कवटाळून खोकावयास शिकविलें. दर दोन तासांनीं उठवून बसविलें, चालविलें. त्या दोन रात्रींत तो चिमट्याचा आंकडा आम्हीं जितक्या भक्तीनें पाहिला तितक्या भक्तीनें कोणत्याहि देवाची मूर्ति पाहिली नसेल. आप्पा मात्र घाबरले नव्हते. काय होईल आणि तें झालें तर आपण काय करावयाचें, हें त्यांना आधीं ठाऊक होतें. वहिनींनीं तें यंत्र उशाशीं ठेवलेंच होतें. पांचव्या दिवशीं मिटलेला भाग उघडूं लागला आणि बाराव्या दिवशीं आप्पा बावड्यास गेले.

मग भाकीत खरें ठरलें कीं खोटें? आम्ही हा प्रश्न मनाशीं पुष्कळ घोळविला. शंभरांत तेरा असें सांगितलें, आणि आप्पा त्या तेरांत निघाले, म्हणून तें खोटें होत नाहीं. शंभरांत बेचाळीस असें सांगितलें, आणि ते त्यांत निघाले, म्हणून तें खरेंहि होत नाहीं. एका माणसानें असल्या भाकिताची परीक्षा होत नसते. त्याला माणसांची रास लागते. ज्योतिषी तुमचें काय होणार तें सांगतो, आणि त्यापुढें तुम्हांस करण्याजोगें फारसें ठेवीत नाहीं. फार तर शांति करवितो. बाईंच्या कागदानें आप्पांचें काय होणार हें सांगितलेंच नाहीं. तुमच्यासारख्या पुष्कळांचें काय झालें तें सांगितलें, आणि त्या पुष्कळांत व तुमच्यांत अंतर पाडण्यास जागा कोठें आहे तें दाखविलें. परंतु ही जागा ज्याची त्यालाच दिसावयास हवी. आमच्या खिशांत घडी होऊन पडलेल्या कागदानें एकहि चेंडू वर उचलला नसता.

या संबंधांत आम्हांस कुमार गंधर्वांची आठवण होते. त्यांचें उदाहरण शस्त्रक्रियेचें नव्हे, क्षयाचें आहे; पण श्वासाचेंच आहे. बेळगांवजवळच्या सुळेभावीस जन्मलेला, बालपणींच कीर्ति मिळविलेला हा गवई 1948 सालीं आजारी होऊन देवासला आला. फुफ्फुसाला झालेली इजा कायमची होती आणि डॉक्टरांनीं गाणें बंद करविलें होतें. वर्षानुवर्षें ते अंथरुणावर पडून ऐकत राहिले, आणि 1953 च्या सुमारास पुन्हां गाऊं लागले तेव्हां त्यांच्या गाण्याची घडण बदलली होती. लांबलचक दमसासाच्या जागीं आंखूड, धारदार स्वरवाक्यें आलीं, आणि मराठी रसिक तीं पुढें 1992 पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरीपर्यंत, ऐकत राहिला. यावरून डॉक्टरांचे अंदाज फोल असतात, असा निष्कर्ष काढणारे लोक आम्हांस भेटले आहेत. तो निष्कर्ष चूक आहे. कुमारांना वांचविलें तें स्ट्रेप्टोमायसीन या त्या काळीं नव्यानें हातीं आलेल्या औषधानें, आणि त्यांना पडून राहावयास लावणाऱ्या त्याच वैद्यकानें. उरलेल्या श्वासाचें काय करावयाचें, हा प्रश्न मात्र कोणत्याहि कोष्टकांत नव्हता. तो त्यांचा त्यांनीं सोडविला.

2024 सालीं पालखी बावड्यास विसावली तेव्हां आम्ही मुद्दाम गांवीं गेलों होतों. आप्पा टाळ घेऊन निघाले, आणि काळजीपोटीं आम्हीहि बरोबर निघालों. सराटीपर्यंत जावयाचें, तेथें पादुकांचें नीरास्नान पाहावयाचें आणि परत फिरावयाचें, असें ठरलें होतें. वाटेंत दोनदां सावलींत बसावें लागलें. दोन्ही वेळां दम आम्हांस लागला होता. दुसऱ्या वेळीं आप्पांनीं पाण्याचा तांब्या पुढें केला, आमच्या सुटलेल्या पोटाकडे एकवार पाहिलें आणि विचारलें, "तुझी आणेवारी कधी काढायची?"

आम्हीं अजून ती काढलेली नाहीं. पण कागद मिळाला तर त्याची घडी करूं नये, एवढें शिकलों आहों.